दोऱ्याच्या वर दोन बोटं

४ मार्च

ताई,

उत्तर लिहू नकोस, मी मागतही नाही. तुझं कार्ड येऊन अकरा दिवस झाले. त्यातल्या चारही ओळींप्रमाणे मी वागतो आहे एवढं तुला कळावं, म्हणून हे पत्र.

बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजव्याचं तुला माहीतच आहे, त्याने उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणजे आहे तो डोळा हाच. मागच्या आठवड्यात दुकानात एका मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा त्यांच्या हातून निसटला. अर्धा तास ते फरशीवर हात फिरवत होते. काटा त्यांच्या बाहीवरच होता, मी उचलून दिला. म्हणाले, "बरं झालं सापडला, नाही तर गिऱ्हाइकाला सांगावं लागलं असतं की सेकंद तुमचे तुम्हीच मोजा." ते हसले. मला हसू आलं नाही.

डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया सोपी आहे, पण बाबांची जेवणानंतरची साखर दोनशे अडुसष्ट आहे. ती दोनशेच्या आत आली तर वीस एप्रिलला करू, नाही तर हात लावणार नाही, कारण जखम चिघळली तर डोळाच जाईल. आणि फार लांबवलं तर मोतीबिंदू टणक होईल, मग काढणं कठीण.

बाबा दिवसाला सहा कप चहा पीत होते, प्रत्येकात तीन चमचे साखर. तो बंद केला. त्याऐवजी काय द्यायचं याचा एक कागद रुग्णालयाने दिला. त्यात घरी करायचा फळांचा गार चहा आहे, बिनसाखरेचा आणि कमी उष्मांकाचा. तो करायला नवी उठली होती. लग्न झाल्यापासून बाबा मला सांगतात की तिला मावशी म्हण. मी त्यांच्यासमोर काहीच म्हणत नाही आणि तुझ्यापाशी नवी म्हणतो, आपण दोघांनी ठरवलं तसं. तर ती उठली तेव्हा मला तुझी तिसरी ओळ आठवली : "तिच्या हातचं बाबांना काही देऊ नकोस." जेवणाचं मला जमणार नाही. चहा मात्र मी माझ्याकडे घेतला.

कागदात लिहिलं आहे की लिटरभर कोऱ्या चहात सफरचंद-संत्र्याच्या दोन-चार पातळ फोडी आणि पुदिन्याची पानं टाकून गार करायचं. हे रुग्णालयातलं माप आहे. तिथे शंभर जणांना पुरवायचं असतं, दोन फोडींत भागवणारच. माझं माप असं. तीन सफरचंदं सालासकट, चार संत्री, वाटीभर द्राक्षं. थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची आणि कापडातून चोथा कोरडा होईपर्यंत पिळायची, म्हणजे फळातलं सत्त्व वाया जात नाही. त्यात एक कप कडक कोरा चहा, अर्धं लिंबू, पुदिन्याची बारा पानं. काचेच्या जगात भरून फ्रिजमध्ये. बर्फ जगात नाही घालायचा, पेल्यात घालायचा, प्रत्येकी तीन खडे. साखरेचा एक कणही नाही. दिवसभरात चार पेले होतात आणि जग संपतो.

मला यातलं कळतं. आमच्या छापखान्यात फळांच्या रसाच्या बाटल्यांची लेबलं छापतात. "साखर घातलेली नाही" हे शब्द मी दिवसातून चाळीस वेळा तपासतो. अक्षरं माझ्याकडे असतात, आकडे मालक स्वतः बघतात. मी नववीतून शाळा सोडली, पण माझ्या हातून आजवर एक वेलांटी चुकीची गेलेली नाही.

पहिला पेला पिऊन बाबा म्हणाले, "मापाड्या, गोड आहे रे." मी म्हणालो, ती फळाची गोडी आहे, साखरेची नाही. नवी ओट्यापाशी उभी होती. ती चोथ्याकडे बघत राहिली.

तुझा भाऊ


१७ मार्च

ताई,

आज तपासणीचा कागद आला, रक्त अकरा तारखेला दिलं होतं. दोनशे एक्क्याण्णव.

साखर चढली. बाहेरचा चहा बंद, माझ्या चहात कण नाही, पोळ्या मी मोजतो, दोनच्या वर जात नाहीत. तरी तेवीस अंकांनी चढली. मग ती येते कुठून? तूच विचार कर. घरात माणसं तीन.

मी एक गोष्ट केली होती, ती आता सांगतो. चार दिवसांपूर्वी जगाच्या गळ्याखाली एक तांबडा दोरा बांधला. सकाळी चहा बरोबर दोऱ्यापर्यंत भरून कामावर गेलो. त्या दिवशी बाबांना दुपारी काम होतं, ते उशिरा जेवायला येणार होते, म्हणून मी मधल्या सुट्टीत बाराला घरी आलो. पेला अजून एकही भरलेला नव्हता. चहा दोऱ्याच्या वर होता. वर, ताई. दोन बोटं.

कमी झाला असता तर समजलो असतो की कोणी प्यायलं. वाढला कसा?

मी नवीला आडून विचारलं, की जग कोणी हलवला का. ती म्हणाली, "बर्फ वितळला असेल, मास्तर." ती मला मास्तर म्हणते, मोजमाप करतो म्हणून. पण बर्फ मी जगात घालत नाही हे तिला पंधरा दिवसांत दिसलं नसेल? ती खोटं बोलली, आणि बोलताना भांडं पुसत होती, जे कोरडंच होतं.


२३ मार्च

ताई,

साखरेचा डबा मी रविवारी सपाट केला आणि वर चमच्याच्या दांड्याने रेघ ओढली. रेघ आज तशीच आहे. म्हणजे ती घरातली साखर वापरत नाही. बाहेरून आणते.

दुसरं. खिडकीच्या कट्ट्यावर मी दोन थेंब टाकले. डावीकडे सकाळी माझ्या हातून उतरलेल्या चहाचा, उजवीकडे दुपारी जगातून घेतलेला. मुंग्या दोन्हींना लागल्या. डावीकडे जास्त, मी मोजल्या, एकोणीस. उजवीकडे सात. यावर मी खूप विचार केला. मला वाटतं, ती सकाळीच, मी अंघोळीला गेलो की शिजत्या पातेल्यात काही टाकते, आणि दुपारी वेगळं काही. आता मी अंघोळ आधी करतो.

तिसरं सांगावं की नाही कळत नव्हतं. परवा सुट्टी होती. ती "जरा जाऊन येते" म्हणाली आणि मी मागे गेलो. तिच्या पिशवीत औषधाची रिकामी बाटली होती, बूच लावलेली, आत तांबूस काहीतरी. ती रुग्णालयाच्या मागच्या दाराशी गेली, जिथे भाजीच्या टोपल्या उतरवतात. पांढरा कोट घातलेली एक बाई बाहेर आली. दोघी कठड्यावर बसून बोलल्या. त्या बाईने बाटली उजेडात धरली, वास घेतला, जिभेवर थेंब घेतला आणि डोक्याला हात लावला. मग दोघी हसल्या.

लग्नाआधी ती त्याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होती, भांडी घासायला वगैरे. तिथे तिची ओळख आहे. अशा ठिकाणी काय मिळत नाही?

मी रोज सगळं वहीत लिहितो. वेळ, पातळी, खडे. तू म्हणालीस, लक्ष ठेव. ठेवतो आहे.


२ एप्रिल

ताई,

परवा साखर दोनशे बत्तीस आली. एकोणसाठ अंकांनी खाली. माझ्या पहाऱ्याला ती घाबरली असावी, असं मी समजलो आणि मनातून खूश झालो.

काल मी दहा वाजता पोटदुखीचं निमित्त करून छापखान्यातून निघालो. मागच्या दाराने आत आलो. बाबा खुर्चीत बसले होते, दुकान उशिरा उघडणार होते. नवीने जगातला अर्धा चहा एका तांब्यात ओतला होता आणि केटलीतून जगात काहीतरी ओतत होती. अंदाजाने. दोऱ्याच्या वर गेलं तरी ओतत होती.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"पाणी आहे," ती म्हणाली. "उकळून गार केलेलं."

"आणि खोटं का बोललीस? बर्फ वितळला म्हणून?"

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मापाड्या, मीच सांगितलं तिला. तुझा चहा मला दाट लागतो."

दाट लागतो तर मला सांगायचं होतं. मला कोणीच कसं सांगितलं नाही? मी केटलीतलं चाखलं. चव पाण्याची होती, पण ज्यांना चव नसते अशा गोष्टीही असतातच. बाबांना तिने पढवून ठेवलं आहे हे मला तिथल्या तिथे दिसलं. मग मी वही काढली आणि सगळं वाचून दाखवलं, दोरा, मुंग्या, बाटली. बाटलीचं ऐकून ती खाली बसली.

आणि ताई, मी तुझं कार्डही वाचलं. चारही ओळी. वाचायचं ठरवलं नव्हतं, ते वहीतच होतं.

बाबांनी हात पुढे करून तिचा हात शोधला, त्यांना तो लगेच सापडला नाही. ती एवढंच म्हणाली, "ज्या घरात माझ्या हातच्या पाण्याचीही शंका, तिथे मी कशी राहू?"

आज सकाळी ती तिच्या बहिणीकडे गेली. एक पिशवी नेली. भात शिजवून, झाकून गेली.

आता घरात बाबा आणि मी. तुझ्या मनासारखं झालं. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल.


१४ एप्रिल

ताई,

तीनशे अठरा.

जग मी कपाटात कुलूप लावून ठेवत होतो आणि किल्ली माझ्या खिशात होती. पेले मीच भरले, सगळे. दोरा एक केसभरही हलला नाही.

वीस तारीख रद्द झाली. डॉक्टर मला म्हणाले, घरी कोण बघतं यांचं? मी म्हणालो, मी.


१६ एप्रिल

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

काल छापखान्यात रसाच्या लेबलाचं नवं प्रूफ आलं. मालक आजारी होते, म्हणून आकडेही मीच ताडून पाहायचे होते. "साखर घातलेली नाही" हे मोठ्या अक्षरांत, माझ्या ओळखीचं. त्याखाली मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांतला तक्ता असतो. चार वर्षं तो माझ्या बोटाखालून जातो आणि मी त्यातली फक्त वेलांटी-उकार बघतो. काल पहिल्यांदा वाचला. शंभर मिलिलिटरमध्ये एकूण शर्करा अकरा ग्रॅम.

मी अक्षरं जुळवणाऱ्याला विचारलं, की साखर घातलेली नाही तर अकरा ग्रॅम कसली? तो म्हणाला, "फळाची. फळात असतेच की. तुला काय वाटलं, सफरचंद मिठाचं असतं?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

मग प्रूफाच्या मागेच हिशेब केला. आमचा जग लिटरचा. एकशे दहा ग्रॅम. चमच्यात पाच ग्रॅम धरले तर बावीस चमचे. बाबा पूर्वीच्या चहातून दिवसाला अठरा चमचे साखर घेत होते, ती मी बंद केली आणि बावीस चमचे प्यायला दिली. वर प्रत्येकी तीन खडे.

वही उघडून तारखा लावल्या. पाणी घालणं सुरू झालं बारा-तेरा मार्चपासून. त्यानंतर साखर उतरली. ती गेली आणि पाणी बंद झालं, साखर चढली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मुंग्यासुद्धा.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे. नवीला पहिल्याच दिवशी चोथा बघून कळलं होतं. ती मला सांगणार होती, बाबांनीच अडवलं. मी विचारलं, का? तुमचा डोळा जात होता. ते म्हणाले, "शाळा सुटल्यापासून तुला कुठल्या गोष्टीत असं रमलेलं मी पाहिलं नव्हतं. गुणगुणायचास रे पिळताना. तिला म्हटलं, पाणी घाल, त्याला कळता कामा नये."

ती बाटली नमुन्याची होती. कोटातली बाई आहारतज्ज्ञ आहे. तिने चाखून सांगितलं की हा चहा नाही, निव्वळ रस आहे, अर्धा काढून अर्धं पाणी घाला.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. नवी तिथे भांडी घासत नव्हती. साखरेच्या रुग्णांची ताटं लावायचं काम तिने एकोणीस वर्षं केलं. हे मला माहीत होतं. "वगैरे" असं मी लिहिलं होतं ना, ते त्याच्यासाठी.


२३ एप्रिल

ताई,

काल मी मावशीच्या बहिणीकडे गेलो. जग घेऊन गेलो, रिकामा. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. दार तिच्या बहिणीने उघडलं आणि आत वळून म्हणाली, "अगं, तुझे फौजदार आले."

मावशी बाहेर आली. मी कागद वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः वाचला, सगळा. मग म्हणाली, "अक्षर फार सुंदर आहे तुझं." मला तिने रागावायला हवं होतं.

मी विचारलं, तो तांब्यात काढलेला अर्धा चहा कुठे जायचा? ती म्हणाली, "मी प्यायचे. तू एवढ्या सकाळी उठून करायचास, मोरीत कसा ओतू?" तिची बहीण म्हणाली, दीड किलो वजन वाढलंय तिचं, त्याचंही लिही वहीत.

येईन म्हणाली, पण एक अट घातली. चहा मीच करायचा. ती हात लावणार नाही, शेजारी स्टुलावर बसेल. मी म्हणालो, मी चुकलो तर? "तर मी सांगेन. आणि तू ऐकशील."

आज सकाळी केला. तुला लिहून ठेवतो, कारण आधीचं माप तुझ्याकडे माझ्याच हस्ताक्षरात आहे आणि ते चुकीचं आहे. लिटरभर पाणी उकळून उतरवायचं, त्यात दोन चमचे चहापत्ती, चार मिनिटांनी गाळायचं. जास्त ठेवलं तर कडवटपणा येतो आणि मग गोड घालावंसं वाटतं. पूर्ण गार होऊ द्यायचं. सफरचंदाच्या तीन पातळ फोडी, संत्र्याच्या दोन चकत्या. शिजवायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं बुडवून दोन तास फ्रिजमध्ये. पुदिना हातावर आपटून टाकायचा, म्हणजे वास सुटतो. लिंबू आयत्या वेळी. पेल्यात ओतताना फोडी मागे ठेवायच्या. मी विचारलं, किती पानं? मावशी म्हणाली, "पानं नको मोजूस, मास्तर. वास घे."

मला ते फार जड गेलं. शेवटी मोजलीच, नऊ होती, पण बोललो नाही.

बाबांनी पेला संपवला आणि म्हणाले, "हा चहा आहे." ती हसली. मग माझ्याही लक्षात आलं की आधीचं काय होतं ते त्यांना पहिल्या घोटालाच कळलं असणार.


२१ मे

ताई,

मेच्या आठ तारखेला साखर एकशे शहात्तर आली. अठराला शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू टणक व्हायला लागला होता, डॉक्टरांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. बाहेर बाकावर मी आणि मावशी बसलो होतो. मी दाराची मूठ बघत होतो, तिने माझी वही मागून घेतली आणि वाचत बसली, पहिल्या पानापासून. मुंग्यांच्या पानावर ती इतकी हसली की परिचारिकेने येऊन गप्प केलं. मग तिने पान उलटलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली. त्या पानात तुझं कार्ड होतं.

एकोणीसला पट्टी निघाली. घरी आल्यावर बाबा प्रत्येक वस्तू उचलून डोळ्याजवळ नेत होते. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणाले, आणि होतं. जग हातात घेतला आणि विचारलं, "हा तांबडा दोरा कसला?"

त्यांना ते ऐकून माहीत होतं, विसरले असतील किंवा नसतील.

मावशी म्हणाली, "मापाचा आहे. तिथपर्यंत पाणी घालायचं असतं."

बाबा "बरं" म्हणाले. दोरा मी सोडलेला नाही. रोज तिथपर्यंत पाणी घालतो.

आज मात्र त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ताईचं ते कार्ड दे. बघू, वाचता येतं का." मी म्हणालो, बाबा, त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, "मजकूर माहीत आहे रे. अक्षर बघायचंय. तीन वर्षं झाली."

मी कार्ड हरवलं म्हणून सांगितलं. ते माझ्या वहीत आहे. मी बाबांशी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं बोललो आणि बोलताना पेला पुसत होतो, जो कोरडाच होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की उत्तर मागत नाही. आता मागतो. एक कार्ड पाठव, त्यांना दाखवता येईल असं. मावशीला नमस्कार नाही लिहिलास तरी चालेल, बाबांची क्षमा मागावी असंही नाही. चार ओळी पुरेत. काय लिहावं सुचलं नाही, तर तिथे उन्हाळ्यात तू काय पितेस, कसं करतेस, ते लिही. अक्षर थोडं मोठं काढ.